न दुखणारा पाय

मला वज्री म्हणतात, मित्रांनो. तुमच्यापैकी बहुतेकांनी हे नाव ऐकलेही नसेल, आणि त्याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. तोंडाला फासायच्या मलमांची नावे ज्यांना पाठ असतात, त्यांना पाय घासायच्या वस्तूचे नाव कशाला ठाऊक असेल? मी जुनी आहे, पितळेची आहे. चोचीला चोच लावून बसलेले दोन राघू ही माझी मूठ. खालची बाजू खवल्याखवल्यांची, खरखरीत. पोटात बारीक मणी आहेत, म्हणून मी चालवली की छुमछुम वाजते. टाचेवरचा मळ आणि मेलेली कातडी काढणे हे माझे काम. माणसाचे तोंड बघून तुम्ही त्याच्याविषयी मत बनवता. मी तळवा बघून बनवते, आणि माझे मत कुणाविषयीच फारसे चांगले नाही.

माझा जन्म बडोद्याचा. मांडवीच्या मागच्या गल्लीत एका कंसाऱ्याने, म्हणजे आपल्या तांबटाने, मला ओतले, छिन्नीने माझ्या तळाला आडव्याउभ्या रेघा मारल्या आणि तांब्यागडव्यांच्या शेजारी टांगून ठेवले. तिथून विमलबाईंनी मला घरी आणले. त्यांचे यजमान सरकारी कचेरीत कारकून होते. यजमानांच्या पायात चकचकीत पंपशू असायचे आणि विमलबाईंच्या पायात काही नसायचे. भाजी आणायला अनवाणी, देवळात अनवाणी, उन्हाळ्यात गच्चीवर पापड घालायलाही अनवाणी. त्यांच्या टाचांना इतक्या खोल भेगा होत्या की माझे खवले त्यांत अडकत. दुपारी सगळे झोपले की त्या मोरीत बसून मला हळूहळू फिरवायच्या, भेगांत कोकमाचे तेल चोळायच्या, आणि ओठ घट्ट मिटून घ्यायच्या. एकदा बाटलीची काच शिरून पाऊल सुजले, तेव्हा हळद दाबून त्या महिनाभर लंगडल्या. स्वयंपाक मात्र वेळेवर झाला, त्यामुळे त्या लंगडतात हे कुणाच्या लक्षात आले नाही.

पुढे याच बाईंचा मुलगा चारचौघांत छाती काढून सांगू लागला की आमची आई जन्मभर अनवाणी चालली, तिच्या पायाला कधी काही झाले नाही. हे ऐकले की मला पोटातले मणी त्याच्या डोक्यावर ओतावेसे वाटत. काही झाले नाही म्हणजे काय? त्याने कधी विचारले नाही, एवढेच.

तो मुलगा म्हणजे भास्करराव. ते रिफायनरीत नोकरीला लागले आणि त्यांच्या पायात लोखंडी टोपीचे जड बूट आले. बूट चांगले होते. त्यांनी भास्कररावांची बोटे दोनदा तरी वाचवली असतील. पण चांगल्या वस्तूची वाट कशी लावायची हे माणसाकडून शिकावे. सकाळी घातलेले बूट ते संध्याकाळी काढत. आतून निघणारे पाऊल भिजत घातलेल्या साबुदाण्यासारखे पांढरे आणि फुगलेले असे. बोटांच्या बेचक्यांत खाज, साले निघालेली, आणि वास असा की शेजारच्या बादलीने तोंड फिरवावे. त्यांची बायको निरुपमाबाई रोज सांगायच्या की मोज्यांचा एक जोड जास्त ठेवा, बोटांच्या मधली जागा कोरडी करा. भास्कररावांचे उत्तर ठरलेले होते. पुरुषांचे पाय असेच असतात, म्हणायचे. जणू पुरुष आणि बुरशी देवाने एकाच दिवशी बनवली.

निवृत्त व्हायच्या थोडे आधी त्यांना साखर निघाली. गोळ्या सुरू झाल्या, घरी चहा बिनसाखरेचा झाला आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जिलेबी-फाफडा सुरूच राहिला. त्याच सुमारास मला एक गोष्ट जाणवू लागली. पूर्वी मी त्यांच्या तळव्याच्या खोलगट भागावरून गेले, की एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा खुदकन हसून पाय मागे ओढायचा. मग ते हसणे कमी झाले. मग थांबलेच. मी कितीही जोरात फिरले तरी पाऊल लाकडासारखे तिथेच. भास्कररावांना वाटले, आपले पाय आता कणखर झाले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तळव्याला काहीतरी टोचून बघितले आणि बजावले, की तुमच्या पायांची जाणीव कमी झाली आहे, यापुढे घरातसुद्धा चपलेशिवाय चालू नका. भास्कररावांनी मान डोलावली. घरी येऊन त्यांनी मुलाला फक्त गोळ्यांची नावे सांगितली. चपलेचे निरुपमाबाईंना कळले तेही त्या सोबत गेल्या होत्या म्हणून.

आता या घराच्या तिसऱ्या पिढीकडे वळते, म्हणजे तन्मयकडे. सुभानपुऱ्यातल्या फ्लॅटमध्ये आल्यावर माझी जागा बाथरूमच्या खिडकीत होती. हॉल आणि बाथरूम यांच्यामध्ये एक पातळ भिंत, त्यामुळे तन्मयची सगळी मते मला ऐकावी लागत. तो गोरव्याच्या एका कारखान्यात ऑफिसमध्ये काम करतो. त्याला निमुळत्या टोकाच्या बुटांची भारी हौस. पाऊल रुंद, बूट अरुंद. अंगठा आत वळला, करंगळीवर भोवरी उठली, आणि सकाळी अंथरुणातून उठून पाय टेकला की टाचेत कळ येऊ लागली. तेव्हा हा मुलगा माझ्याकडे बोट दाखवून आईला म्हणाला होता, ही काळी पडलेली वस्तू टाकून दे. त्याने पाय घासायचे बॅटरीचे यंत्र आणले. ते थोडे दिवस गुरगुरले आणि मेले. मी खिडकीत होते तिथेच राहिले.

मग एके दिवशी तन्मयला मोबाइलवर ज्ञान झाले. बूट हाच माणसाचा खरा शत्रू, हे त्याला कळले. कालपर्यंत ज्या बुटांना तो रुमालाने पुसायचा, ते सगळे त्याने सोसायटीच्या वॉचमनला देऊन टाकले. वॉचमनच्या पायात त्यातला एकही जोड गेला नाही, पण तन्मयच्या डोळ्यांत त्यागाचे तेज आले. शहरातल्या एका बागेत अनवाणी चालणाऱ्यांचा एक गट होता, त्यात तो जाऊ लागला. गटाचे गुरू सिद्धार्थसर नावाचे एक गृहस्थ होते. पायाला माती लागली की साखर, रक्तदाब, गुडघे सगळे मार्गावर येते, असे ते शिकवायचे. स्वतः मात्र बागेच्या फाटकापर्यंत गाडीने यायचे आणि गाडीतून उतरताना मऊ सँडल घालायचे. हे तन्मयनेच कौतुकाने सांगितले. सर किती साधे आहेत बघ, म्हणाला.

खोटे कशाला बोलू? तन्मयची टाच बरी झाली. निरोगी पाऊल, सकाळचे गार गवत, हळूहळू वाढवलेले चालणे, आणि मुख्य म्हणजे ते अरुंद बूट गेलेले. बोटे मोकळी झाली, भोवरी उतरली. अनवाणी चालण्याने पायाला बळ येते हे मी त्याच्या तळव्यावरून सांगू शकते. पण ज्याची स्वतःची टाच बरी होते, तो लगेच दुसऱ्याचा डॉक्टर होतो. हा रोग मात्र कोणत्याही गवताने जात नाही.

तन्मयने वडिलांना बागेत न्यायचे ठरवले, त्या दिवशी हॉलमध्ये वाद झाला. निरुपमाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"अहो, डॉक्टरांनी घरातसुद्धा चप्पल घालायला सांगितली आहे."

"आई, डॉक्टरांना काय? ते गोळ्या लिहिणार," तन्मय म्हणाला. "बाबांच्या पायांना जाणीव कमी आहे ना? मग जमिनीला लागले की ती परत येईल. सर म्हणतात."

निरुपमाबाईंनी नवऱ्याकडे बघितले असावे. वर्तमानपत्र सळसळले, आणि भास्करराव म्हणाले, "आमची आई जन्मभर अनवाणी चालली."

विमलबाईंच्या टाचा मी घासल्या होत्या. यांनी फक्त त्यांच्या गोष्टी सांगितल्या. पण पितळेला कोण विचारतो?

बागेत काय झाले ते भास्करराव रोज आंघोळ करताना दाराबाहेरच्या निरुपमाबाईंना ऐकवायचे. तिथे दगडगोट्यांची एक पायवाट होती. बाकीची मंडळी तिच्यावर तोंड वाकडे करत, एकमेकांचा हात धरत चालत. भास्करराव मात्र सतरंजीवरून चालल्यासारखे ताठ जात. सिद्धार्थसरांनी त्यांना सगळ्यांसमोर उभे केले. "काका, तमे तो कमाल करी," म्हणाले, आणि त्यांचा व्हिडिओ काढला. तन्मयने तो नातेवाइकांना पाठवला. पुण्याहून, नागपूरहून अंगठे आले. निवृत्त झाल्यापासून भास्कररावांना कुणी काही विचारत नव्हते. दूध आणा, वीजबिल भरा, एवढाच त्यांचा उपयोग उरला होता. आता माणसे त्यांना वाकून नमस्कार करू लागली. आंघोळ करताना ते गुणगुणत. त्यांच्या मूर्खपणाचा मला जितका राग होता, तितका त्या गुणगुणण्याचा करता आला नाही.

उन्हाळा सुरू झाला. बडोद्याचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. सिद्धार्थसरांनी एका रविवारी उशिरा, ऊन चढल्यावर चालायचे ठरवले. शरीराची सहनशक्ती बघायची होती म्हणे. बागेच्या फरसबंद वाटेवर लोक दहा पावले जायचे आणि उड्या मारत झाडाखाली पळायचे. भास्करराव पूर्ण फेरी मारून आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी येऊन ते न्हायला बसले आणि त्यांनी मला हातात घेतले. तळव्यावर मोठा फोड आला होता आणि अर्धा फुटला होता. माझे खवले त्याच्या कडेला लागले, कातडी सोलून निघाली, पाणी गुलाबी झाले. मी वाजत होते. ते दाराकडे तोंड करून निरुपमाबाईंना टाळ्यांची हकिकत सांगत होते. त्यांनी खाली बघितले नाही आणि पाय मागे ओढला नाही. एवढ्या वर्षांत माझ्या खालून अनेकांचे पाय झटकन निघून गेले आहेत. कुणी शिवी दिली, कुणी मला फेकून दिले. त्या दिवशी तो पाय तसाच राहिला, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

ते टॉवेल गुंडाळून बाहेर गेले. फरशीवर प्रत्येक पावलाला लाल ठसा उमटला होता. निरुपमाबाईंना तो दिसला.

"पाय दाखवा."

"काही नाही गं. दुखत नाही."

"दुखत नाही म्हणूनच दाखवा," त्या म्हणाल्या.

त्यांनी जबरदस्तीने बसवून पाऊल बघितले, धुतले, पट्टी बांधली आणि डॉक्टरकडे चला म्हणून हट्ट धरला. तन्मयने फोनवर सरांना विचारले. सरांनी सांगितले की फोडातून शरीरातले विष बाहेर पडते, पट्टी काढा, हवा लागू द्या. मग घरात दोन पक्ष झाले आणि ज्याचा पाय होता तो टाळ्यांच्या पक्षात गेला. गोळ्या घेतोच आहे, चार दिवसांत भरून येईल, म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बागेत गेले.

जखम भरली नाही. ती अंगठ्याकडे सरकली. भास्कररावांना ते दिसत होते, कारण रोज आंघोळीच्या वेळी ते पाय वाकवून बघायचा प्रयत्न करत आणि लगेच पाणी ओतून घेत. मग त्यांनी काय केले सांगू? बुटांना शत्रू म्हणणाऱ्या गटाचा हा नायक घरात दिवसभर मोजे घालून बसू लागला. पंख्याची हवा लागते, असे कारण सांगायचा. गार वारा, तोही बडोद्याच्या मे महिन्यात! निरुपमाबाईंनी विचारले की ते चिडत. तन्मयने वडिलांचे मोजे बघितले आणि काही विचारले नाही. विचारायची त्याला भीती वाटली असणार. माणसे मूर्ख असतात हे मी सोसू शकते, पण कळत असून तोंड फिरवणारी माणसे मला सोसत नाहीत.

एका दुपारी भास्करराव थंडीने कुडकुडू लागले. अंग चटके बसावेत इतके तापले होते. निरुपमाबाईंनी त्यांचा मोजा ओढून काढला. वास खोलीभर पसरला. अंगठा काळा पडला होता. निरुपमाबाईंनी तन्मयला हाक मारली, आणि तो दारात येऊन उभा राहिला, तेव्हा त्या फक्त बाजूला झाल्या. त्याला दिसेल इतक्या बाजूला. हे मी भिंतीपलीकडून ऐकले आणि नंतरच्या बोलण्यांवरून जुळवले. तन्मय लगेच बाथरूममध्ये पळत आला आणि माझ्याखालच्या बेसिनमध्ये ओकला. मग तोंड धुऊन त्याने गाडीची किल्ली घेतली.

भास्कररावांचा अंगठा कापावा लागला, आणि त्याच्या शेजारचे बोटही. थोडा उशीर झाला असता तर पाऊलच गेले असते, असे डॉक्टर मालविकाबाई म्हणाल्या. निरुपमाबाईंनी मला दाखवायला पिशवीत घालून त्यांच्याकडे नेले होते, म्हणून त्यांचे बोलणे मी स्वतः ऐकले. त्या वयाने लहान होत्या. त्यांनी माझ्या खवल्यांवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "मावशी, वस्तू सुंदर आहे. पण काकांच्या पायाला ही परत लावायची नाही. दगड नाही, ब्लेड नाही, काही नाही." माझा सगळा धंदा त्यांनी दोन वाक्यांत बंद केला, तरी मला त्यांचा राग आला नाही. इतक्या वर्षांत पायाविषयी अक्कल असलेले माणूस पहिल्यांदा भेटले होते.

तन्मय तिथेही बोलू लागला. अनवाणी चालण्याचे फायदे मोठमोठ्या लोकांनी सिद्ध केले आहेत, माझी स्वतःची टाच बरी झाली, वगैरे. त्याचा आवाज मात्र लहान झाला होता. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतले.

"तुमची टाच बरी झाली ना? मग तुम्ही गवतावर खुशाल चाला," त्या म्हणाल्या. "बुटांनी तुमचा पाय बिघडला होता. यांचा पाय बुटाशिवाय बिघडणार. तुम्हाला खडा टोचला की कळतं. यांना जळलं तरी कळत नाही."

बाहेर येऊन तन्मयने सिद्धार्थसरांना फोन केला. सर म्हणाले, काकांची श्रद्धा कमी पडली असेल. त्याच संध्याकाळी भास्कररावांचा व्हिडिओ गटातून नाहीसा झाला. सर अजून चालवतात तो गट. लोक अजून टाळ्या वाजवतात. टाळ्या वाजवायला हात लागतात, त्यामुळे पाय बघायची कुणाला गरज पडत नाही.

मला काम उरले नाही, तेव्हा माझे कौतुक सुरू झाले. तन्मयने मला चिंचेने घासून लख्ख केले आणि हॉलमधल्या काचेच्या कपाटात ठेवले. आता मी अँटिक आहे. शेजारच्या कोमलबेन येतात, राघूंवर नखाने टिचकी मारतात आणि "केटलुं सरस छे" म्हणतात. राबत होते तेव्हा काळी पडलेली वस्तू होते. आता निरुपयोगी झाले तर पाहुण्यांना दाखवतात. तुमची ही रीत मला नवी नाही.

पण इथून मला हॉल दिसतो. भास्कररावांना रुंद, मऊ अस्तराचे बूट मिळाले आहेत. घालण्यापूर्वी ते आत हात घालून खडा, खिळा, मुरूम काही आहे का ते चाचपतात. पहिले काही दिवस त्यांचे तळवे निरुपमाबाई बघत. मग एका संध्याकाळी त्यांनी कापूस, आरसा आणि टॉवेल तन्मयसमोर ठेवला.

"आजपासून हे तू करायचंस," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. त्या कधीच ओरडल्या नाहीत, आणि मला वाटते तीच या घराची चूक झाली.

तेव्हापासून तन्मय रोज कामावरून आला की वडिलांसमोर जमिनीवर बसतो. बोटांच्या बेचक्या बघतो, टाच बघतो, जिथे दोन बोटे नाहीत ती जागा बघतो. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वडिलांना डोळे मिटायला लावतो आणि कापसाने ठिकठिकाणी स्पर्श करून विचारतो. परवा त्याने कापूस हातात घेतला आणि तसाच थांबला. वडील रोजच 'हो' म्हणतात, हे त्याच्या ध्यानात आले असावे. कापूस त्याच्या मांडीवरच होता.

"बाबा, कळतंय का?" त्याने विचारले. हात अजून हलला नव्हता.

भास्कररावांचे डोळे मिटलेले होते. मुलाला बरे वाटावे म्हणून ते जरा हसले.

"हो, कळतंय की. आजकाल बरंच कळतं."

तन्मयने वडिलांचे पाऊल दोन्ही हातांनी धरले आणि बराच वेळ तसेच मांडीवर ठेवले. दारात उभ्या राहून हे बघणाऱ्या निरुपमाबाई आत गेल्या.

मित्रांनो, बूट चांगले की अनवाणी चांगले, यावर तुम्ही खुशाल भांडा. तुमच्या भांडणात मला काडीचा रस नाही. निरोगी पायांना गवत मिळू द्या, कारखान्यात आणि तापल्या रस्त्यावर पायात काहीतरी घाला, बूट पायाच्या मापाचे घ्या आणि मोजे धुवा. एवढे समजायला गुरू लागत नाही. पण घरात कुणी "माझे पाय दुखत नाहीत" असे अभिमानाने सांगत असेल, तर टाळ्या वाजवू नका. खाली बसा, त्याचा पाय उचला आणि तळवा बघा. तो नको म्हणेल. तरी बघा.